बाराच्या पुढचं पाऊल

मनकर्णाबाई: पुन्हा मोज.

पुष्पांजली: आत्याबाई, दोन चकरा झाल्या माझ्या. फिजिओथेरपीच्या अश्विनी मॅडमनी सकाळच्या दोनच सांगितल्यात. तिसरी मारली की संध्याकाळी हातात चमचा धरवत नाही.

मनकर्णाबाई: मी चकरा मार नाही म्हनत. मोज म्हनते. माह्यासमोर मोज.

पुष्पांजली: हे काय नवीन? होळीपासून तुम्ही हौदाकडं ढुंकून पाह्यलं नाही. आज सूर्य कुठून उगवला?

मनकर्णाबाई: मोज व पोरी.

(सकाळचे दहा. बीबी गावाच्या अलीकडच्या एका वावरातला सिमेंटचा हौद. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, आत पुष्पांजलीच्या छातीला लागेल एवढं पाणी. आतल्या बाजूनं धरायला लोखंडी पाइप, कोपऱ्यात दोन पायऱ्या, आणि वर विहिरीतली मोटर काढायच्या चेनपुलीला टांगलेली प्लास्टिकची खुर्ची. या खुर्चीत बसवून नवरा तिला रोज पाण्यात सोडतो आणि तासाभरानं बाहेर काढतो. जमिनीवर बिचारीला चार पावलं टाकायची म्हणजे दोन माणसं लागतात. पाण्यात ती एकटी चालते. आज तिला पाण्यात सोडून नवरा कुलदीप ठिबक सिंचनाचं सामान आणायला बीबीला गेलाय. सासू हौदाच्या काठाशी जिथं उभी आहे, तिथंच पाणी सोडून द्यायचा वॉल आहे, हे पुष्पांजलीच्या अजून ध्यानात आलेलं नाही.)

पुष्पांजली: बरं बाई, मोजते. पाइप धरू द्या आधी. हं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा. बारा. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. वीस. झालं समाधान?

मनकर्णाबाई: किती पावलं टाकली?

पुष्पांजली: वीस.

मनकर्णाबाई: एकोनीस टाकली.

पुष्पांजली: आत्याबाई, आठ वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी.

मनकर्णाबाई: मंग तेरा कोठी गेला?

पुष्पांजली: अगं बाई. पुन्हा सुटला का? त्याचं काही नाही हो. ह्यांनी मोबाइलवर शूटिंग करून मॅडमला पाठवलं होतं ना, त्यात मॅडमलाही दिसलं. त्या म्हणाल्या, या आजारात होतं असं. मेंदूतल्या अन् पाठीतल्या नसांवरचं कव्हर उडतं. वायरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं की लाइट कसा लुकलुक करतो, तसं. कधी पाय ऐकत नाही, कधी शब्द सापडत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे हेच सारं. एखादा आकडा पडतो मध्येच.

मनकर्णाबाई: एखादा नाही. तेराच पडते. मी आज आठ दिवस झाले, तुरीच्या गंजीमागं उभी राहून आयकून राह्यली. रोज तेरा. दुसरा एकही नाही.

पुष्पांजली: आठ दिवस? अन् बोलल्या नाहीत?

मनकर्णाबाई: घरात सुटते का?

पुष्पांजली: घरात?

मनकर्णाबाई: परवा खाटेवर बसून तू कुरडया मोजल्या. मी मुद्दाम तुले मोजाले लावल्या. तवा म्हनली का नाही तेरा?

पुष्पांजली: म्हणले असेन. हो, म्हणले. दोनदा मोजल्या, दोनदा बरोबर आल्या. आत्याबाई, असं काय पाहून राह्यल्या माझ्याकडं?

मनकर्णाबाई: हे पानी कोठचं हाये?

पुष्पांजली: बोरचं.

मनकर्णाबाई: पोरी, कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटाचं राह्यते का? आज मी बांधावर गेली होती. जुन्या इहिरीवर ज्या कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, त्या मी उचलल्या. जाळीचा एक गज कापेल हाये. त्याच्यातून काळा पाइप गेला, तो सीधा इथं येते.

पुष्पांजली: ह्यांना रागावू नका. सांगते मी. बोरचं पाणी कोमट येतं. सहाशे फुटांवरून येतं ते, गरमच येणार. पहिल्या दिवशी मी त्यात उतरले अन् दहा मिनिटांत पाय मेणासारखे झाले. डोळ्यापुढं धुकं. मॅडम फोनवर ओरडल्याच, म्हणाल्या, तुम्हाला उष्णता विषासारखी, पाणी गारच पाहिजे. आता चैतात गार पाणी कुठं मिळतं? बुलढाण्याच्या तलावात मला रोज कोण नेणार? तेव्हा ह्यांना ती विहीर आठवली. म्हणाले, घरात त्या विहिरीचं पाणी न काढायची शपथ आहे, आईला कळू द्यायचं नाही. शपथ कशापायी, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मले पाय पाह्यजे होते, आत्याबाई.

मनकर्णाबाई: कुलदीपनं इहिरीत मोटर सोडली, तवा पान्यातल्या आसरांची ओटी भरली का?

पुष्पांजली: मला माहीत नाही.

मनकर्णाबाई: नसनच भरली. चोराले कोनती ओटी आठोते?

पुष्पांजली: आत्याबाई, हात काढा तिथून. तो वॉल आहे.

मनकर्णाबाई: मले मालूम हाये काय हाये ते.

पुष्पांजली: अहो, उघडला तुम्ही! आत्याबाई, बंद करा! आवाज ऐका, कसं पाणी चाललंय! चार इंची वॉल आहे तो, अर्ध्या तासात कोरडा होईल हौद.

मनकर्णाबाई: होऊ दे.

पुष्पांजली: मी आत आहे!

मनकर्णाबाई: तुले नाही काही होत. पानी गेलं की मी चैन वढून तुले वर घेईन.

पुष्पांजली: अहो, पाणी आहे म्हणून मी उभी आहे. पाणीच मला धरतं. ते गेलं की मी पोत्यासारखी बसणार. खाली सिमेंट, वर ऊन. तुमच्याच्यानं मी खुर्चीत चढेन का? साठी झाली तुमची. हे बाराशिवाय येत नाहीत.

मनकर्णाबाई: पायरीवर सरक.

पुष्पांजली: पायरी त्या टोकाला आहे. घाबरले की माझे पाय जागचे हलत नाहीत, तुम्ही पाह्यलंय. माझं काय चुकलं ते तरी सांगा. रुसा, शिव्या द्या, पण पाणी सोडू नका. जूनमध्ये शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना दाखवणार होते मी, पस्तीस मिनिटांचा तास उभ्यानं घेते म्हणून. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात पडले, तेव्हा पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं होतं. पोरांनी मला उचलून खुर्चीत बसवलं अन् चिडीचूप पाढे लिहीत बसली.

मनकर्णाबाई: तुह्यं काहीच नाही चुकलं, बाई. तू भली हायेस. मी तुह्यावर रागावून नाही सोडलं पानी.

पुष्पांजली: मग कोणासाठी सोडलं?

मनकर्णाबाई: तुले योगिनी कशी गेली म्हून सांगितलं?

पुष्पांजली: ह्यांची बहीण? तापानं. लग्नाआधीच सांगितलं होतं. अकरा वर्षांची होती.

मनकर्णाबाई: ताप नाही अन् काही नाही. तुह्या जळगाव जामोदच्या माहेरच्या लोकाइले सांगाले ताप. घरच्या इहिरीत पोरगी बुडाली म्हटलं असतं, त कोन देत होतं ह्या घरात लेक? कुलदीपच्या बापानं सांगितलं, ताप म्हना. साऱ्या गावानं ताप म्हटलं. मलेही म्हनाची सवय झाली.

पुष्पांजली: त्या विहिरीत?

मनकर्णाबाई: त्याच.

पुष्पांजली: अन् मी होळीपासून रोज...

मनकर्णाबाई: हाव.

पुष्पांजली: रोज चूळ भरते मी या पाण्यानं.

मनकर्णाबाई: मले पवता ये. सासरी कोनाले खरं वाटे ना. माह्या बापानं मले अन् माह्या भावाले संगंच शिकवलं. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्याचा, त्याचं तोंड लाखेनं बंद कराचं, अन् दोर घेऊन काखेखालून पाठीवर आवळून बांधाचा. डबा काही बुडू देत नाही. तसाच मी योगीले बांधला. म्हटलं, आपल्या घरात इहीर हाये, लेकीले पवता आलंच पाह्यजे. बाया हासत. मी म्हनो, हासा.

पुष्पांजली: पाणी कंबरेला आलं, आत्याबाई.

मनकर्णाबाई: या कडंपासून त्या कडंलोक तिले वीस हात लागत. मी कठड्यावर बसो, ते मोठ्यानं मोजत जाये. अन् लबाड अशी, का तेरा म्हनेच ना. बारा म्हने, थोडी थांबे, मंग चवदा. म्हटलं, काऊन व? त म्हने, आई, तेरा मले आवडत नाही. कायचं आवडत नाही! रोज एक हात चोरे. शाळेतही तसंच मोजे, गुरुजीनं छड्या मारल्या तरी तसंच. तिचं तेच होतं, बारा अन् चवदा. आता तुह्या ध्यानात आलं?

पुष्पांजली: मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाई: कोन सांगन? कुलदीपले मालूम नाही. तो तवा खामगावले बोर्डिंगात होता. मले मालूम, अन् तिले मालूम.

पुष्पांजली: आत्याबाई, बंद करा आधी. मग बोलू, दिवसभर बोलू.

मनकर्णाबाई: त्या दिवशी मी डबा सोडला. म्हटलं, आता तुले येते, डब्याच्या भरोशावर किती दिवस राह्यशीन? ते नाही म्हने. रडली थोडी. म्हने, आई, आजच्या दिवस बांध. म्यां आयकलं नाही. गाठ मी ह्या हातानं सोडली. तेवढ्यात लाईन आली, मोटर चालू झाली, अन् पाट फुटला. मी खोरं घेऊन पाटावर गेली. दहा कदम. पाठ तिच्याकडं, पन कान तिच्याकडंच होते. ते मोजून राह्यली. दहा म्हने. अकरा म्हने. बारा म्हने. मंग गुमान.

पुष्पांजली: आत्याबाई...

मनकर्णाबाई: मी मनात हासली. म्हटलं, थांबली लबाड, आता चवदा म्हनन. मी चवदाची वाट पाह्यत राह्यली, पोरी. खोऱ्यानं माती वढत, पाट बांधत, चवदाची वाट पाह्यत. दुसऱ्या कोनाच्या लेकराचा आवाज बंद झाला असता त मी पळत गेली असती. माह्यावाली त थांबेच तिथं. रोजच थांबे.

पुष्पांजली: तुमचा दोष नाही त्यात.

मनकर्णाबाई: दोष कोनाचाही असो. एकोनीस वर्सं म्या नदी पाह्यली नाही. लोणारच्या धारेवर साऱ्या बाया आंघोळ करत, मी वरतं बसून लुगडी सांभाळो. अन् तुम्ही दोघाइनं काय केलं? पाइप घालून तिले वर वढली अन् ह्या हौदात कोंडून कामाले लावली. मले तिले मोकळी करू दे. हे पानी आंब्याच्या आळ्यात जाते. जिरू दे तिले मातीत. थंड होऊ दे.

पुष्पांजली: अन् मी?

मनकर्णाबाई: तुले दुसरं पानी आनू.

पुष्पांजली: गार पाणी दुसरं नाही या शिवारात. तुम्हाला ठाऊक आहे. आत्याबाई, पाणी मांडीवर आलं. पाय कापून राह्यले. पाहा, पाइप धरलाय तरी कापून राह्यले.

मनकर्णाबाई: एक गोष्ट खरी सांगशीन?

पुष्पांजली: वॉल बंद करा, मग सांगते.

मनकर्णाबाई: आधी सांग. पान्यात माह्यी योगी तुले धरते का?

पुष्पांजली: असं विचारू नका.

मनकर्णाबाई: धरते ना?

पुष्पांजली: टाचांना.

मनकर्णाबाई: कशी?

पुष्पांजली: माझ्या टाचेला बाहेर सुई टोचली तरी कळत नाही. डॉक्टरांनी टोचून पाह्यली, रक्त आलं तरी मी छताकडंच पाहत होते. अन् पाण्यात उतरले की बोटं कळतात. चार बोटं एका बाजूनं, अंगठा दुसऱ्या बाजूनं. बारीक बोटं. आधी वाटलं, शेवाळ असेल. ह्यांना हौद घासायला लावला. मग मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या नसा खोटं बोलतात, मुंग्या येतात, हात लागल्यासारखं वाटतं, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. मी चालून राह्यले होते ना. चालणाऱ्यानं कशाला विचारायचं, कोण चालवतं म्हणून?

मनकर्णाबाई: वढते का?

पुष्पांजली: काय?

मनकर्णाबाई: टाच धरून खाली वढते का तुले? सांग. रागात हाये का ते?

पुष्पांजली: नाही. उचलते. एक टाच उचलते, पुढं ठेवते. मग दुसरी. नीट बसली की मगच सोडते, अन् तेव्हा माझ्या तोंडून आकडा निघतो.

मनकर्णाबाई: हे तू पान्यापायी सांगून राह्यली का? मी वॉल बंद करावा म्हून?

पुष्पांजली: मला खोटं बोलता आलं असतं, तर म्हटलं असतं ना, आत्याबाई, ती आई आई म्हणून हाक मारते. नाही मारत. मला आवाज येत नाही. हात कळतात, एवढंच. ते तिचे का माझ्याच सडक्या नसांचे, देवाशपथ मला सांगता येत नाही. अन् आता मला त्या हातांची भीती वाटून राह्यली. थोड्या वेळापूर्वी वाटत नव्हती. अन् ते हात गेले तर त्याचीही भीती वाटून राह्यली. कोणत्या भीतीला आधी धरू, तुम्हीच सांगा.

मनकर्णाबाई: अवं, सांभाळ!

पुष्पांजली: बसले. काही लागलं नाही. बसले मी खाली. पाणी पोटावर आहे. गरम झालं हो हे उरलेलं. काठ तापलाय. डोकं कसंसं होऊन राह्यलं.

मनकर्णाबाई: पायरीकडं घसरत जा.

पुष्पांजली: पाय नाहीतच जसे. अन् दिसेना मला नीट. ऊन लागलं की असंच होतं. एकाच्या दोन वस्तू दिसतात. तुम्ही दोन दिसून राह्यल्या.

मनकर्णाबाई: डोये मिट थोडी येळ.

पुष्पांजली: मिटले, उघडले. दोनच. तुम्ही, अन् तुमच्या बाजूनं... दोन्ही सारख्या असतात नेहमी. खांब दोन दिसले तर दोन्ही सारखे. बाजूची बुटकी आहे. तुमच्या खांद्याखाली येते.

मनकर्णाबाई: माह्या बाजूले कोनी नाही, पुष्पांजली.

पुष्पांजली: असू दे. डोळ्यांचंच असेल. आत्याबाई, आता मले आवळून राह्यलं.

मनकर्णाबाई: काय आवळून राह्यलं?

पुष्पांजली: छातीभोवती. पट्टा. श्वास पुरा येत नाही. हेही आजारातलंच, मिठी म्हणतात त्याला. पण अशी मिठी असते का? दोर आहे दोर. काखेखालून जातो. समोर छातीवर एक फेरा, अन् मागं... मागं पाठीवर गाठ.

मनकर्णाबाई: कोठी गाठ?

पुष्पांजली: खांद्याच्या दोन्ही फर्‍यांच्या मध्ये. अन् गाठीवर जड काहीतरी. टोचतं. चौकोनी. कोपरे लागतात त्याचे. आई गं! अजून आवळली.

मनकर्णाबाई: हे तुले कधीपासून होते?

पुष्पांजली: आधी घरीही कधीमधी व्हायचं, पण नुसता पट्टा. गाठ हौदातली आहे. अन् पाय घसरला की लगेच येते. मागच्या शनिवारी मी मध्यावर घसरले, पाण्याखाली गेले, अन् गपकन आवळलं. ह्यांनी धावत येऊन पाह्यलं तर मी वर तरंगून राह्यलेली. हे म्हणाले, शिकली की पवायला! मी शिकले नाही, आत्याबाई. मला पोहता येत नाही. मी कशी वर आले, मला माहीत नाही.

मनकर्णाबाई: माय व माय.

पुष्पांजली: रडू नका. अहो, काय झालं?

मनकर्णाबाई: तुले डबा बांधला तिनं.

पुष्पांजली: काय?

मनकर्णाबाई: डबा बांधला व माह्या पोरीनं तुले! तू बुडू नये म्हून. ते गाठ मीच तिले शिकवली होती, फर्‍याच्या मधात बांधाची, म्हनजे मान वर राह्यते. अकरा वर्साचं लेकरू. तिच्यापाशी डबा नव्हता, अन् ते तुले बांधून राह्यली. अन् मी इथं उभी राहून तिले मातीत जिरवते म्हनते. थांब. थांब, पोरी. हा मेला वॉल फिरत काऊन नाही?

पुष्पांजली: उलटा फिरवा. उजवीकडं.

मनकर्णाबाई: झाला. झाला बंद. किती राह्यलं पानी?

पुष्पांजली: बसल्या बसल्या पोटाला लागतं. उभं राह्यलं तर गुडघ्याच्या खाली असेल.

मनकर्णाबाई: मी आत येते.

पुष्पांजली: तुम्ही? पाण्यात?

मनकर्णाबाई: मंग कोन येईन? लुगडं खोचू दे.

पुष्पांजली: खुर्ची सोडा आधी खाली.

मनकर्णाबाई: खुर्ची मंग. आधी तुले सावलीच्या पायरीवर घेते. तुह्यं डोकं तापलं. सरकू नको, मी येते तिथं. पहिली पायरी. दुसरी.

पुष्पांजली: काय झालं? थांबल्या काऊन?

मनकर्णाबाई: काही नाही.

पुष्पांजली: पाय भाजला का?

मनकर्णाबाई: नाही व. थंड हाये.

पुष्पांजली: थंड? अहो, उन्हानं कढत झालंय सारं.

मनकर्णाबाई: माह्या पायापाशी थंड हाये. बोलू नको. हात दे. असा नाही, गळ्यात टाक. हाव. उचलते तुले. एक. दोन. सोडजो नको. मले कंबरेचं दुखनं हाये, पन आज दुखत नाही, बघ. चाल.

पुष्पांजली: आत्याबाई, तुम्ही मला ओढत नाही आहात.

मनकर्णाबाई: नाही.

पुष्पांजली: मीच चालून राह्यले.

मनकर्णाबाई: हाव. मले दिसते. खाली पाहू नको. बस. बस पायरीवर. टेक मागं. हा पदर वला करून डोक्यावर घे. सैल झालं का छातीचं?

पुष्पांजली: झालं. आत्ताच झालं, बसल्यावर. जशी कोणी... जाऊ द्या. दम लागला. दिसतंय आता. तुम्ही एकच आहात.

मनकर्णाबाई: बाजूले नाही?

पुष्पांजली: नाही.

मनकर्णाबाई: बरं. मोबाइल कोठी तुह्या नवऱ्याचा? म्हनजे नंबर. लाव त्याले.

पुष्पांजली: काठावर पिशवीत आहे माझा. द्या. पण रागावू नका त्यांच्यावर. माझ्यापायी केलं त्यांनी. हं, लागला. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवते. बोला.

कुलदीप: हॅलो? हाव पुष्पांजली, अर्ध्या तासात निघतो. ड्रिपचं सामान आलं नाही अजून.

मनकर्णाबाई: मी बोलते.

कुलदीप: आई? काय झालं? पुष्पांजली बरी हाये ना? पडली का ते?

मनकर्णाबाई: बरी हाये. हौदातलं पानी गेलं. मी सोडलं. भराचा हाये.

कुलदीप: पानी सोडलं? काऊन, आई?

मनकर्णाबाई: ते घरी आल्यावर सांगन. तुह्या फोनवरून मोटर चालू होते ना? लाईन हाये दोन वाजेलोक. चालू कर.

कुलदीप: बोरची?

मनकर्णाबाई: इहिरीवरची.

कुलदीप: कोनती इहीर, आई? मी काय...

मनकर्णाबाई: कुलदीप, शपथ माह्यी होती. मी सोडली. चालू कर मोटर.

कुलदीप: आई, तू रडून राह्यली का?

मनकर्णाबाई: नाही. आयक. एकदम नको भरू. दहा मिनिटं चालव, मंग थोडी थांबव, मंग पुन्हा चालव. दमली ते. सकाळपासून लय केलं तिनं आज.

कुलदीप: हाव, समजलं. पुष्पांजलीले म्हन, आजची दुसरी कसरत राहू दे.

मनकर्णाबाई: पुष्पांजली नाही रे बाबा. पुष्पांजली त माह्यापाशी बसली हाये.